'त्यांचं असंच असतं' हे वाक्य नर्सिंगच्या वर्गातून कसं काढायचं

सुरुवातीला एक प्रसंग सांगते, बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

ऑपरेशन होऊन काही तास झालेली एक मध्यमवयीन बाई, लॅटिन अमेरिकी वंशाची. तिला बघणारी नर्स आफ्रिकन अमेरिकन. कन्सल्टसाठी आलेला डॉक्टर स्वतः लॅटिनो, तो म्हणतो की पेशंटला बरंच दुखतंय असं दिसतंय. तर नर्स त्याला सांगते की मी नर्सिंग स्कूलमध्ये या विषयाचा कोर्स केलाय, हे लोक दुखणं आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. हा प्रसंग मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी १९९८ च्या त्यांच्या लेखात दिलाय, आणि कल्चरल ह्युमिलिटी, म्हणजे सांस्कृतिक नम्रता, हा शब्द आपल्या क्षेत्रात रुळला तो त्याच लेखामुळे.

आता यात नीट बघा. ती नर्स अडाणी नव्हती, वाईट तर मुळीच नव्हती. ती वर्गात बसली होती, नोट्स काढल्या होत्या, परीक्षा पास झाली होती. समोर बाई कण्हतेय, शेजारी त्याच समाजातला डॉक्टर उभा राहून सांगतोय, तरी तिला तिच्या नोट्स जास्त खऱ्या वाटल्या. म्हणजे हे आपण शिकवलं होतं, आपण म्हणजे शिकवणाऱ्यांनी. मी ट्यूटर म्हणून काम करते आणि हा प्रसंग वाचल्यापासून माझा प्रश्न एकच आहे, की माझ्या वर्गातून असं काही शिकून कोणी वॉर्डात जाऊ नये म्हणून मी नक्की काय करायचं. जे करून बघितलं आणि जे उपयोगी पडलं ते लिहितेय, नवीन ट्यूटर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि वॉर्डातल्या ज्या सिस्टर विद्यार्थी सांभाळतात त्यांच्यासाठी.

शब्दांचं थोडक्यात

मॅडेलीन लाइनिंगर स्वतः नर्स आणि मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी १९५० च्या दशकापासून ट्रान्सकल्चरल नर्सिंगची मांडणी सुरू केली, पेशंटची संस्कृती समजल्याशिवाय काळजी अपुरी राहते हे ठामपणे सांगितलं. मोठं काम होतं ते. पुढे त्यातून कल्चरल कॉम्पिटन्स, म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींबद्दलचं ज्ञान आणि कौशल्य, हा विचार वाढला आणि शिकवताना बऱ्याच ठिकाणी त्याचा तक्ता झाला. अमुक समाज असा, तमुक समाज तसा. ह्युमिलिटीवाले म्हणतात की हे कधी पूर्ण होणारं शिक्षणच नाही, आयुष्यभर स्वतःला तपासत राहायचं, पेशंट आणि आपल्यातलं अधिकाराचं अंतर कमी करायचं, आणि संस्थेलाही जबाबदार धरायचं. हा शेवटचा भाग लोक विसरतात, नुसतं नम्र वागा एवढंच लक्षात ठेवतात.

तिसरा शब्द न्यूझीलंडमधून आला, कल्चरल सेफ्टी, म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता. इरिहापेटी राम्स्डन या माओरी (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) नर्सने तो मांडला आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने तो नर्सिंग शिक्षणात आवश्यक केला. त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही की काळजी सुरक्षित होती की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, जिने किंवा ज्याने ती घेतली त्याने ठरवायचं. माझ्या शिकवण्यात मी हेच मोजमाप धरते, तुम्हीही धरा, खूप गोष्टी आपोआप सरळ होतात.

आधी तक्ता काढा

२०१७ साली एका मोठ्या प्रकाशकाने नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकातला एक चौकोन माफी मागून मागे घेतला, त्यात कोणत्या धर्माचे आणि वंशाचे लोक दुखण्याला कसा प्रतिसाद देतात याची यादी होती. लोकांनी तो फोटो काढून पसरवला म्हणून निघाला, नाहीतर अजून शिकवला गेला असता. तुमच्या नोट्समध्ये, जुन्या पीपीटीमध्ये असे चौकोन असणारच, माझ्यातही होते. एक दुपार काढा आणि सगळं चाळा. शोधायचं काय तर ज्या वाक्यात एखाद्या समाजाचं नाव कर्ता आहे आणि पुढे 'असतात', 'करतात', 'मानतात' असं क्रियापद आहे ती वाक्यं.

पुसून टाकायच्या आधी त्यांचा एक चांगला उपयोग होतो. प्रत्येक वाक्याचा प्रश्न करायला विद्यार्थ्यांना सांगा. 'या समाजात निर्णय घरातले मोठे घेतात' हे वाक्य असेल तर त्याचा प्रश्न होतो, 'तुमच्या तब्येतीचं काही ठरवायचं असेल तर तुम्हाला कोणाशी बोलायला आवडेल, की तुम्ही एकट्याच ठरवाल?' 'हे लोक डोळ्याला डोळा भिडवत नाहीत' याचा प्रश्न पेशंटला विचारायचाच नसतो, तो स्वतःला विचारायचा, की माझ्याकडे बघत नाही यावरून मी हिच्याबद्दल काय ठरवून टाकलं. माझ्या अनुभवात या एका तासाने जे होतं ते तीन लेक्चरने होत नाही, कारण माहिती तीच राहते पण तिची दिशा बदलते, ती पेशंटकडून यायला लागते.

एक सावधानता मात्र. सगळंच पुसायचं नाही. सिकल सेल किंवा जी सिक्स पी डी या लाल रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता काही भागांतून आलेल्या कुटुंबांमध्ये जास्त आढळते ही खरी वैद्यकीय माहिती आहे, ती द्यायलाच हवी. फक्त सोबत सांगायचं की ही शक्यता आहे, तपासून बघायची, आणि दुसऱ्या भागातल्या माणसाला होणारच नाही असं धरून बसायचं नाही. शरीराबद्दलची शक्यता सांगणं वेगळं आणि स्वभावाबद्दल ठरवून टाकणं वेगळं, हा फरक विद्यार्थ्यांना उदाहरणं देऊन देऊन पक्का करा, कारण गोंधळ इथेच होतो.

शिकवणाऱ्याने आधी

नम्रता लेक्चरने येत नाही, मुलं आपल्याकडे बघून शिकतात. वॉर्डात बेडजवळ आपण पेशंटशी कसं बोलतो, आयांशी, सफाई करणाऱ्या लोकांशी कसं बोलतो, आणि बेडपासून चार पावलं लांब आल्यावर पेशंटबद्दल काय बोलतो, हे सगळं ते टिपत असतात. त्यामुळे पहिला सराव आपला.

मुलांसमोर 'मला हे माहीत नाही, आपण त्यांनाच विचारूया' हे मोठ्याने म्हणायची सवय लावा. सुरुवातीला फार जड जातं, आपल्याला सगळं येतं असं दाखवायचीच सवय असते आपल्याला, पण जेव्हा सीनियर बाई पेशंटसमोर असं म्हणते तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलीला परवानगी मिळते की न कळणं हा गुन्हा नाही. आणि ज्या मुलीला न कळणं लपवावं लागत नाही ती अंदाजाने काम करत नाही, म्हणजे हा पेशंटच्या सुरक्षिततेचासुद्धा मुद्दा आहे.

दुसरं, डायरी. रिफ्लेक्टिव्ह जर्नल बहुतेक ठिकाणी असतंच, बरेच जण ग्रॅहम गिब्स यांचं १९८८ चं चक्र वापरतात, काय झालं, काय वाटलं, काय बरं झालं काय नाही, का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. चक्र चांगलं आहे पण त्याला मार्क दिले की मुलं मार्कांसाठी लिहितात, सगळ्यांच्या डायरीत शेवटी 'मी आता बदलले' असंच येतं. मी मार्क देणं बंद केलं, लिहिलं की नाही एवढंच बघते, आणि महिन्यातून एकदा माझं स्वतःचं एक पान वर्गात वाचून दाखवते. एकदा मी वाचून दाखवलं होतं की एका पेशंटच्या कपड्यांवरून मी ठरवलं की याला लिहिता वाचता येत नसणार आणि डिस्चार्जची माहिती तोंडीच देऊन निघाले, नंतर कळलं तो शाळेत शिकवतो. वर्ग एकदम शांत झाला. त्यानंतरच्या आठवड्यात डायऱ्यांमध्ये पहिल्यांदा खऱ्या गोष्टी आल्या.

स्वतःला तपासायचे प्रश्न साधे ठेवा. आज कोणत्या पेशंटजवळ मी कमी वेळ थांबले? कोणाचं दुखणं मला खरं वाटलं आणि कोणाचं नाही? कोणाशी बोलताना माझा आवाज चढला? 'तुमच्यात पूर्वग्रह आहेत का' असं विचारलं की सगळे नाही म्हणतात, पण कोणाजवळ कमी वेळ थांबलात हे विचारलं की प्रत्येकाला एक चेहरा आठवतो.

विचारायला शिकवणं, हे सगळ्यात जास्त वेळ देऊन करा

आर्थर क्लाइनमन, लिऑन आयझेनबर्ग आणि बायरन गुड यांनी १९७८ मध्ये काही प्रश्न मांडले, पेशंटला स्वतःच्या आजाराबद्दल काय वाटतं ते समजून घेणारे. आज इतकी वर्षं झाली तरी मला याच्याइतकं हाताशी असलेलं दुसरं साधन सापडलेलं नाही. ते मी माझ्या बोलीत असे शिकवते. या त्रासाला तुम्ही काय म्हणता? हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? आत्ताच का सुरू झालं असेल? याने शरीरात काय होतंय असं वाटतं? हे किती गंभीर आहे, लवकर बरं होईल की वेळ लागेल? कुठला उपचार व्हावा असं वाटतं, त्यातून काय मिळावं? याच्यामुळे तुमचं रोजचं काय काय अडलंय? आणि तुम्हाला यातली सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

हे प्रश्न कागदावर देऊन 'विचारून या' म्हणू नका. मुलं चौकशी केल्यासारखे एका दमात आठ प्रश्न विचारतात आणि पेशंट घाबरतो. आधी वर्गात जोड्या करून एकमेकांना विचारायला लावा, स्वतःच्या खऱ्या आजारपणाबद्दल, सर्दीपासून काहीही चालेल. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या डोक्यात आजाराबद्दल आपल्यापेक्षा किती वेगळं काहीतरी आहे हे तिथेच कळतं, आणि मुख्य म्हणजे आपल्यालाही एक संस्कृती आहे हे कळतं. संस्कृती फक्त 'त्यांना' असते आणि आपण नॉर्मल, हा समज तिथे फुटतो. मग वॉर्डात एका वेळी फक्त दोन प्रश्न, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घेता घेता, बेड करता करता, आणि त्यातला भीतीचा प्रश्न शेवटी, बसून विचारायचा, उभं राहून नाही.

उत्तर आल्यावर काय करायचं हे पण शिकवावं लागतं, नाहीतर मुलगी ऐकते आणि लगेच 'नाही नाही, असं काही नसतं' म्हणून पेशंटला गप्प करते. १९८३ मध्ये बर्लिन आणि फोक्स यांनी पाच पायऱ्या दिल्यात, आधी ऐका, मग आपलं म्हणणं समजावून सांगा, दोघांच्या म्हणण्यात कुठे सारखं कुठे वेगळं ते मोकळेपणाने मान्य करा, मग उपाय सुचवा, आणि शेवटी दोघांना जमेल असं ठरवा. मुलं दुसऱ्या पायरीवर पोचली की थांबतात, समजावून सांगितलं म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. शेवटच्या पायरीचा रोल प्ले जास्त घ्या. पेशंटचा पारंपरिक उपाय धोक्याचा नसेल तर तो चालू ठेवून औषध कसं घेता येईल, धोक्याचा असेल तर ते अपमान न करता कसं सांगायचं, आणि तरी नाही म्हणाला तर त्याचा नकार कसा लिहायचा, कोणाला कळवायचा.

लिहिण्यावरून आठवलं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या केअर प्लॅनमध्ये एका आजींपुढे 'नॉन कम्प्लायंट', म्हणजे सांगितलेले उपचार न पाळणाऱ्या, असं लिहिलं होतं, संध्याकाळची गोळी घेत नाहीत म्हणून. मी तिला म्हटलं, हा शब्द खोड आणि त्याजागी त्या का घेत नाहीत ते लिही. ती म्हणाली मॅडम ते मला माहीत नाही. म्हटलं मग विचार. आजींनी सांगितलं की ती लघवीची गोळी आहे, घेतली की रात्रीतून चार वेळा उठावं लागतं, अंधारात एकदा पडल्या होत्या, तेव्हापासून घेत नाहीत. डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ सकाळची झाली आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून 'नॉन कम्प्लायंट', 'नखरे करतात', 'कोऑपरेट करत नाहीत', 'डिफिकल्ट' हे शब्द माझ्या मुलांच्या हॅन्डओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्यांना दिलेल्या माहितीत, चालत नाहीत. काय घडलं ते लिहायचं आणि कारण लिहायचं, कारण माहीत नसेल तर 'कारण विचारायचं बाकी' असं लिहायचं. हा बदल तुम्ही उद्यापासून करू शकता, कोणाची परवानगी लागत नाही.

भाषेचा प्रश्न

१९८० मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं. घरचे स्पॅनिश बोलणारे, त्यांनी 'इन्टॉक्सिकादो' असा शब्द वापरला, म्हणजे काहीतरी खाण्यातून बाधलंय असं त्यांना म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ नशा असा घेतला आणि ड्रगच्या ओव्हरडोसचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. ते कळेपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. व्यावसायिक दुभाषी बोलावला नव्हता, कारण कोणालाच वाटलं नाही की आपल्याला कळलेलं नाही.

ही गोष्ट सांगून मग नियम सांगा म्हणजे नियम डोक्यात राहतात. पेशंटच्या लहान मुलांना दुभाषी करायचं नाही, कधीच नाही, आईच्या गर्भाशयाबद्दल किंवा वडिलांच्या कॅन्सरबद्दल मुलाच्या तोंडून बोलवणं हा त्या मुलावर अन्याय आहे आणि माहितीही अर्धवट येते. नातेवाईक सोबत असू द्या पण संमती, निदान, औषधांचे डोस, डिस्चार्ज याला प्रशिक्षित दुभाषी, नसेल तर फोनवरचा. बोलताना दुभाष्याकडे बघू नका, पेशंटकडे बघून 'तुम्हाला' असंच बोला. एकावेळी एक दोन वाक्यं. शेवटी 'कळलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर ही औषधं कशी घेणार ते मला सांगता का' असं म्हणायचं, म्हणजे परीक्षा आपली होते, पेशंटची नाही.

आणि इथे माझी एक चूक सांगते. एका बॅचमध्ये एका मुलीला वॉर्डातल्या बऱ्याच पेशंटची भाषा यायची. मी प्रत्येक वेळी तिलाच हाक मारायचे, जरा हे विचार, जरा ते समजावून सांग. ती गोड स्वभावाची, कधी नाही म्हणाली नाही. पोस्टिंगच्या शेवटी प्रोसिजर बुक, म्हणजे स्वतः केलेल्या कामांची नोंदवही, बघितलं तर बाकीच्यांच्या निम्म्या प्रोसिजरसुद्धा तिच्या झाल्या नव्हत्या, कारण बाकीचे ड्रेसिंग करत होते तेव्हा ती माझी दुभाषी होती. तिचं शिक्षण मी खाल्लं, आणि ते मला इन्क्लुजन, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं, वाटत होतं, हिच्या भाषेला किती मान देतोय आपण म्हणून. तुमच्याकडे अशी मुलगी किंवा मुलगा असेल तर आज त्याचं बुक उघडून बघा.

कातडीचा रंग, याला वेगळा तास द्या

आपली बरीच पुस्तकं उजळ कातडी समोर धरून लिहिलेली आहेत आणि सिम्युलेशन लॅबमधले मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळेही, बहुतेक तसेच. 'लालसर दिसतं', 'निळसर पडतं', 'पिवळं होतं' हे शब्द पाठ करून मुलगी वॉर्डात जाते आणि गडद कातडीवर तिला काहीच दिसत नाही, मग ती लिहिते की काही नाही. हे प्रत्यक्ष दाखवून शिकवा. प्रेशर इंज्युरीच्या (एका जागी पडून होणाऱ्या जखमेच्या) पहिल्या स्टेजला लाली शोधत बसू नका, शेजारच्या जागेशी तुलना करून हात लावून बघा, गरम की गार, कडक की मऊ, आणि दुखतंय का ते विचारा. सायनोसिस, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून येणारा निळेपणा, ओठांच्या आतून, जिभेवर, नखांखाली, तळहातावर बघा, गडद कातडीवर निळ्याऐवजी राखाडी छटा दिसू शकते. कावीळ बघायला डोळ्यांबरोबर टाळू पण बघा, कारण काही माणसांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात मुळातच थोडी पिवळसर छटा असते. पांढुरकेपणा पापणीच्या आत. पुरळाचे बारीक लाल ठिपके गालाच्या आतल्या बाजूला. आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात.

मशीनवरही डोळे मिटून विश्वास नको. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात पल्स ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली निघाला असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के. म्हणजे तिपटीपेक्षा जास्त. मुलांना हे सांगितलं की पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतं की भेदभाव करायला कोणी वाईट माणूस लागतोच असं नाही, यंत्र बनवताना कोणाच्या बोटावर तपासलं यातूनही तो होतो. म्हणून आकडा आणि पेशंट जुळत नसतील, दम लागलाय पण ९४ दाखवतंय, तर पेशंटवर विश्वास ठेवून सीनियरला कळवायचं.

वर्गात बसलेले लोक

पेशंटशी सन्मानाने वागा असं ज्या वर्गात शिकवतो त्याच वर्गात एखादी मुलगी सहा महिने मागच्या बाकावर एकटी बसत असेल तर शिकवलेलं सगळं पाण्यात. मुलं काय ऐकतात त्यापेक्षा त्यांना काय मिळतं तेच ती पुढे देतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

ग्रुप तुम्ही पाडा, 'आपापले ग्रुप करा' म्हणू नका, नेहमी तेच लोक उरतात आणि सगळ्यांसमोर उरतात. दर पोस्टिंगला ग्रुप बदला. नावं नीट शिका, पहिल्या तासाला प्रत्येकाला स्वतःचं नाव स्वतः म्हणायला लावा आणि तुम्ही मागून म्हणा, चुकलं तर परत. 'तुमच्याकडे हे कसं करतात ते सांग' असं एका मुलाला सगळ्या समाजाच्या वतीने उभं करू नका, त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर जागा ठेवा, बस्स.

शिकवण्याची भाषा ज्यांची घरची भाषा नाही त्यांच्याबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांवरच्या कामातून दाखवलं की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. ती मुलं शाळेतली होती, पण आपल्या वर्गातही तेच दिसतं, मुलगी मैत्रिणींशी छान बोलते म्हणून आपण धरतो की तिला पेपरही कळतो, आणि मग कमी मार्क पडले की हुशार नाही असं ठरवतो. पेपर काढताना प्रश्न तपासा, यात नर्सिंगचं ज्ञान तपासलं जातंय की अवघड वाक्यरचना? 'पुढीलपैकी कोणते अयोग्य नाही' असले प्रश्न काढून टाका, त्याने कोणाचंच भलं होत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजा. उच्चारावरून मार्क कापू नका, पण औषधाचं नाव समोरच्याला चुकीचं ऐकू जात असेल तर ते मात्र स्पष्ट सांगा आणि सराव करून घ्या, तिथे गप्प बसणं ही दया नाही, पेशंटला धोका आहे.

मुलगे, वयाने मोठे विद्यार्थी, मूल असलेल्या बायका, अपंगत्व असलेले विद्यार्थी, यांच्याबद्दल एकेक पान लिहिता येईल पण मुद्दा सारखाच आहे, आधी विचारा काय लागेल. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप मिळतो, ऐकू येत नाही म्हणून नर्स होता येणार नाही असं परस्पर ठरवून टाकणाऱ्यांना हे माहीतच नसतं. मुलग्यांना सगळ्या स्त्री पेशंटपासून सरसकट लांब ठेवू नका आणि सगळं उचलायचं काम त्यांनाच देऊ नका, प्रत्येक वेळी पेशंटला विचारून ठरवा.

पेशंटच जर विद्यार्थ्याला नको म्हणाला तर

हे होतं, आणि बहुतेक ट्यूटर त्या मुलीला गुपचूप दुसऱ्या बेडवर पाठवतात. बाहेरून हा सोपा मार्ग वाटतो पण ती मुलगी त्यातून एवढंच शिकते की माझ्या बाजूने कोणी उभं नाही.

पहिल्यांदा कारण वेगळं करा. एखाद्या बाईला अंगाला हात लावायची वेळ आहे म्हणून स्त्री नर्स हवी असेल तर ती तिची गरज आहे, मान द्या. पेशंट गोंधळलेला असेल, डिलिरियम (आजारामुळे आलेला भ्रम) असेल, तर त्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसू नका. पण जात, रंग, धर्म, भाषा यावरून 'ही नको' असं शुद्धीत असलेला माणूस म्हणाला तर तुम्ही पुढे व्हा, मुलीला बोलायला लावू नका. मी साधारण असं म्हणते, 'या आमच्या विद्यार्थिनी आहेत, त्यांना हे काम येतं आणि मी त्यांच्यासोबत आहे. तुमची काळजी आम्ही नीट घेणार आहोत, पण त्यांच्याबद्दल असं बोललेलं इथे चालणार नाही.' आवाज चढवायचा नाही, काळजी नाकारायची नाही. मग बाहेर येऊन मुलीला विचारायचं, 'तुला परत जायचंय की आज नको?' आणि तिचं जे उत्तर असेल ते पाळायचं, त्याचे मार्क कापायचे नाहीत. त्याच दिवशी इन्चार्जना सांगून लिहून ठेवायचं. ग्रुपच्या डिब्रीफिंगमध्ये, म्हणजे काम संपल्यावरच्या चर्चेत, तिची इच्छा असेल तरच हा विषय काढायचा.

बोलणारा पेशंट नसून स्टाफमधलाच कोणी सीनियर असेल तर जास्त अवघड जातं हे मला माहीत आहे. तेव्हा सगळ्यांसमोर भांडण शक्य नसेल तरी निदान विषय तिथेच थांबवा, 'सिस्टर, मला हे बरोबर नाही वाटत, आपण नंतर बोलू' एवढं म्हणा आणि नंतर खरंच बोला. मुलं ते वाक्य वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, आणि आपली शांतता पण.

आपण चुकलो तर

चुकणारच. तेव्हा लांबलचक खुलासा नको, 'माझा तसा हेतू नव्हता' ने सुरुवात नको. 'मी चुकीचं बोलले, माफ कर, पुढच्या वेळी लक्ष ठेवीन' आणि पुढे चला. रडून, पुन्हा पुन्हा माफी मागून समोरच्यालाच आपली समजूत काढायला लावू नका. विद्यार्थी चुकला तरीही हेच, त्याला सगळ्यांसमोर पाडू नका, पण सोडूनही देऊ नका, बाजूला घेऊन 'तू जे म्हणालास ते पेशंटला कसं ऐकू गेलं असेल?' असं विचारा आणि पेशंटकडे जाऊन दुरुस्त करायची संधी द्या.

मार्क कसे द्यायचे

'मी सर्व संस्कृतींचा आदर करतो', पूर्णपणे सहमत पासून असहमत पर्यंत, असल्या फॉर्मवर विसंबू नका, त्यात सगळे पाचपैकी पाच घेतात. वागणं बघा. सिम्युलेशनमध्ये किंवा बेडजवळ तपासायचं ते हे, पेशंटला कशी हाक मारलेली आवडेल ते विचारलं का, मत देण्याआधी प्रश्न विचारला का, न कळलेलं कबूल केलं का, दुभाषी मागितला का, केअर प्लॅनमध्ये पेशंटचं स्वतःचं म्हणणं त्याच्या शब्दांत आलंय का. हे दिसतं, मोजता येतं. आणि शक्य असेल तिथे राम्स्डन यांचं मोजमाप लावा, पेशंटलाच दोन प्रश्न विचारा, 'या विद्यार्थिनीने तुमचं ऐकून घेतलं असं वाटलं का? काही सांगायचं राहिलं का?' उत्तर विद्यार्थिनीसमोर नाही, नंतर, ती ड्यूटीवरून गेल्यावर.

संस्थेचा भाग पण सोडू नका. वर्षातून एकदा यादी काढून बघा, मध्येच कोर्स सोडून गेले ते कोण, नापास जास्त कोण होतं, शिक्षा आणि मेमो कोणाला जास्त मिळतात, वर्ग प्रतिनिधी नेहमी कोणत्या मुलांतून निवडले जातात. एकाच प्रकारची नावं दिसायला लागली तर 'या मुलांना जमत नाही' असं लिहून फाइल बंद करायच्या आधी उरलेल्यांना आणि सोडून गेलेल्यांना फोन करून विचारा काय झालं होतं. मी असे काही फोन केलेत. एका मुलाने सांगितलं की त्याला अभ्यास जड गेला नव्हता, दोन वर्षांत एकदाही कोणी त्याच्यासोबत जेवायला बसलं नव्हतं. तेव्हापासून नवीन बॅच आली की पहिल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मी ट्यूटर रूममध्ये बसत नाही, डबा घेऊन मुलांमध्ये जाते, आणि कोण कुठे बसलंय ते बघते.